जूनच्या गारठ्यात रोहतांग: सायकलींच्या गटाने खिंड ओलांडण्याचे नियोजन

मनालीहून रोहतांगकडे सायकलने जाऊ पाहणाऱ्या गटांच्या तयारीचा बहुतेक वेळ चढाच्या काळजीत जातो. ते स्वाभाविकही आहे, कारण २,०५० मीटरवरच्या मनालीपासून ३,९७८ मीटरवरच्या माथ्यापर्यंतचा ५१ किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सलग चढाचा आहे. मात्र हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे बर्फ हटवून रस्ता नुकताच पर्यटकांसाठी खुला झालेला असतो त्या मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंतच्या काळात, या मार्गाचा खरा धोका थांबण्यात आणि उतरण्यात असतो. म्हणून पुढचे सगळे नियोजन माथ्यावरून मागे येत केले आहे. पलीकडचा लाहौलचा उतार किती वाजता, कोणत्या कपड्यांत आणि कोणत्या क्रमाने उतरायचा हे आधी ठरवायचे आणि त्यावरून निघण्याची वेळ, थांबे, माणसांची संख्या आणि सामान ठरवायचे.

थंडी नेमकी केव्हा लागते

चढावर पॅडल मारताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग सायकल पुढे नेण्यास लागतो आणि उरलेली सगळी उष्णता म्हणून बाहेर पडते, त्यामुळे पाच अंश तापमानातही पाठ घामाने भिजते. माथा ओलांडून पॅडल थांबले की ही उष्णता चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. त्याच क्षणी सायकलचा वेग ताशी आठ किलोमीटरवरून तीस-चाळीसवर जातो आणि भिजलेले कपडे वाऱ्यात सापडतात. पाच अंश सेल्सिअस तापमानात ताशी चाळीस किलोमीटर वेगाचा वारा अंगावर घेतला, तर उघड्या त्वचेला ते शून्याच्या किंचित खालचे तापमान वाटते. हवाच शून्य अंशावर असेल, तर ते उणे सातच्या आसपास जाते. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे मनालीत सकाळी स्वेटरपुरती वाटणारी थंडी माथ्यावर गोठणबिंदूच्या जवळ पोहोचलेली असू शकते.

त्यात रोहतांगची रचना प्रतिकूल आहे. ही खिंड कुल्लूचे बियास खोरे आणि लाहौलचे चंद्रा खोरे यांच्या मधल्या धारेवर आहे. कुल्लूकडची बाजू दक्षिणेकडे तोंड करून असल्याने तिला ऊन मिळते. लाहौलकडची बाजू उत्तरेकडे असल्याने तिथे बर्फ जास्त दिवस टिकते, वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहत राहते आणि वळणे सावलीत असतात. म्हणजे ज्या बाजूने आपण घाम गाळत चढतो ती ऊबदार आणि ज्या बाजूने निश्चल बसून उतरतो ती ओली व गार, असा हा उलटा हिशेब आहे.

वार, मुक्काम आणि वेळ

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाल्यापासून लेहकडे जाणारी बहुतेक वाहतूक खिंडीखालून, ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. त्यामुळे खिंडीच्या रस्त्यावर आता प्रामुख्याने बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या असतात. त्या सकाळी सगळ्या एकाच दिशेने वर चढतात, दुपारी एकाच दिशेने उतरतात आणि त्यांच्यासाठी परवाना लागतो. मंगळवारी हा रस्ता देखभालीसाठी पर्यटक वाहनांना बंद ठेवला जातो. तो दिवस रिकामा रस्ता मिळेल म्हणून मोहात पाडणारा आहे, पण सपोर्ट गाडी सोबत नेता येणार नसेल तर सुरुवातीच्या हंगामात गटाने तो निवडू नये. गाडी आणि चालक मनालीतलाच घ्यावा, आणि त्याचा परवाना फक्त माथ्यापर्यंतचा आहे की पलीकडे उतरण्याचाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. परवाना माथ्यापर्यंतचाच असेल, तर गाडी माथ्यावरून मागे फिरून बोगद्यामार्गे पलीकडच्या सिस्सू गावी येईल आणि उताराचा सगळा टप्पा गट एकटा असेल. हे कळल्यावर सोबत बाळगायच्या सामानाची यादी बदलते.

मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाने मनालीत निदान दोन रात्री काढाव्यात, तिसरी रात्र सुमारे २,५०० मीटरवरच्या कोठी गावात काढावी आणि चौथ्या दिवशी खिंड ओलांडून सिस्सूला मुक्काम करावा. सिस्सू साधारण ३,१०० मीटरवर आहे. झोपण्याची उंची अशी टप्प्याटप्प्याने वाढली तर शरीर विरळ हवेला हळूहळू सरावते. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्केच असतो, तेव्हा हा सराव टाळून चालत नाही. मनालीतल्या मधल्या दिवशी सोलंगपर्यंत हलकी फेरी मारावी, मात्र त्या दिवशी दमू नये. उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची असल्यास ती निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सहप्रवाशाने दिली म्हणून घेण्याची ती गोष्ट नाही.

कोठीत मुक्काम करण्याचा दुसरा फायदा वेळेचा आहे. तिथून माथा साधारण ३८ किलोमीटर उरतो आणि चढ १,५०० मीटरांच्या आत येतो. बर्फाचे वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर गोठते, त्यामुळे फार लवकर वर पोहोचणे धोक्याचे. दुपारनंतर वारा वाढतो, ढग दाटतात आणि पर्यटकांच्या गाड्या परतू लागतात, त्यामुळे उशिरा पोहोचणेही धोक्याचे. या दोहोंच्या मधली, सकाळी दहा ते बारा ही वेळ माथ्यासाठी धरावी. ताशी साडेसात किलोमीटर वेगाने चढायला पाच तास आणि थांब्यांना एक तास धरला, तर पहाटे पाचला, म्हणजे उजाडता उजाडता, कोठी सोडावे लागते. हवामान खात्याच्या अंदाजात पश्चिमी चक्रावाताचा, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या हवेचा, उल्लेख असेल तर तो दिवस सोडून द्यावा. यासाठी कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवलेला असावा. मोकळा दिवस नसलेला कार्यक्रम वाईट हवेतही माणसांना वर ढकलतो.

सह्याद्रीत काय तपासता येते

उंचीचा सराव महाराष्ट्रात होत नाही, कारण आपले सर्वोच्च शिखर कळसूबाईच १,६४६ मीटरचे आहे. लांबीचा सराव मात्र चांगला होतो. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी गाठून पुन्हा खाली येऊन दुसऱ्यांदा चढणे, किंवा सिंहगड लागोपाठ दोनदा करणे, हे पाच तास खोगिरावर बसण्याच्या सवयीसाठी पुरेसे आहे. वेगाच्या मागे लागू नये. ज्या गतीने सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते तीच गती रोहतांगला उपयोगी पडते.

त्याहून महत्त्वाची आणि बहुधा कोणीच न करणारी तयारी उताराची आहे. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला मुक्काम करून उजाडताच वाईकडे उतरावे, आणि तेही रोहतांगला वापरायच्या त्याच हातमोज्यांत, त्याच विंडचीटरमध्ये. वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या दिवसांत दव गोठते, इतका गारठा तिथे मिळतो. पसरणीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर बोटांनी ब्रेकची मूठ सहज आवळता येत नसेल, तर ते हातमोजे हिमालयात नेण्यात अर्थ नाही.

सायकलीविषयी थोडे

सायकल महाग असण्याची गरज नाही. तिला हलके गिअर आणि खात्रीचे ब्रेक हवेत. पुढच्या आणि मागच्या चकतीला सारखेच दाते असतील, तर मिनिटाला साठ फेऱ्या मारून ताशी साधारण साडेसात किलोमीटर वेग मिळतो. म्हणजे आपल्या चढाच्या वेगाला एकास एक हा गिअर निदान हवाच, आणि थकव्यासाठी त्याहून हलका एक असल्यास उत्तम. टायर ३८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत, कारण माथ्याच्या अलीकडे लागणाऱ्या राणी नाल्याच्या परिसरात आणि माथ्यापलीकडे डांबर वाहून गेलेले, चिखलाचा राडा झालेले पट्टे असतात. डिस्क ब्रेकचे पॅड नवे बसवावेत, पण ते घरी असतानाच बसवून एखादा घाट उतरून घ्यावेत. अगदी कोरे पॅड पूर्ण पकडत नाहीत. सुटे पॅड, दोन ट्यूब, चेनची जोडकडी आणि पंप प्रत्येक जोडीकडे असावा. मनालीत भाड्याने सायकल घेतल्यास आदल्या दिवशी तिचे दोन्ही ब्रेक सोलंगच्या उतारावर तपासावेत.

कपड्यांचे दोन संच

चढाचे कपडे आणि उताराचे कपडे वेगळे असतात, हे गटातल्या प्रत्येकाच्या मनावर बिंबवावे लागते. चढताना अंगात एक पातळ पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक किंवा लोकरी थर आणि त्यावर चेन असलेले हलके जर्किन पुरते. निघताना किंचित थंडी वाजत असेल तरच कपडे बरोबर आहेत असे समजावे, कारण दहाव्या मिनिटाला अंग तापते. सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि जीन्स यांना या दिवशी पूर्ण मज्जाव असावा. सूत घाम धरून ठेवते आणि ओले सूत शरीराची ऊब खेचून घेते.

उतारासाठीचा संच प्रत्येकाने पाण्यापासून सुरक्षित अशा पिशवीत बांधून स्वतःच्या सायकलवर ठेवावा. गाडीत ठेवलेला कोरडा शर्ट हा गाडी कोंडीत अडकली की नसल्यात जमा असतो. या संचात अंगाला लागून घालायचा एक कोरडा थर, लोकरी किंवा फ्लीसचा जाड थर, वारा आणि पाणी अडवणारे जर्किन, गुडघे झाकणारी वाऱ्याला अडवणारी विजार, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ कानटोपी, गळ्याभोवतीचा पट्टा आणि जाड हातमोजे असावेत. हातमोज्यांची चढावर वापरलेली जोडी घामाने ओली झालेली असते, म्हणून ही दुसरी जोडी अनिवार्य आहे, आणि एकूण सामानातली एकच गोष्ट जास्तीची न्यायची झाली तर मी तिसरी जोडी नेईन. पायांसाठी सुके लोकरी पायमोजे आणि त्यांवर चढवायच्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्या पुरतात. दिसायला हास्यास्पद असला तरी हा उपाय महागड्या आवरणांच्या तोडीस तोड आहे. युरोपातल्या शर्यतींत स्वार माथ्यावर जर्सीत वर्तमानपत्र कोंबून उतरत असत, तेही इथे चालते: चार पाने घडी करून छातीवर ठेवली की वारा अडतो, आणि ओली झाली की बदलता येतात.

बर्फावरून परतणारे ऊन आणि उंचीवरचे अतिनील किरण यांमुळे काळा चष्मा व सनस्क्रीन लागतेच, पण सावलीतल्या ओल्या वळणांवर काळ्या काचेतून बर्फाचा पातळ थर दिसत नाही, म्हणून फिक्या काचेचा चष्मा सोबत असावा.

गटाची रचना

आठ ते दहा माणसे ही माझ्या मते वरची मर्यादा आहे. त्यापुढे थांबे लांबतात, आणि थांबा लांबणे म्हणजे आधी पोहोचलेल्यांचे गारठणे. पुढे एक लीड, मागे एक स्वीप आणि मधल्या सगळ्यांच्या जोड्या, अशी रचना ठेवावी. जोडी वेगाच्या साधर्म्यावरून लावावी, मैत्रीवरून नव्हे. पती-पत्नी किंवा बालमित्र वेगवेगळ्या जोड्यांत गेले तरी चालेल. चढाच्या वेगाला पुढच्या सायकलचा आडोसा मिळण्याचा प्रश्न नसतो, म्हणून एकमेकांना चिकटून जाण्याचा आग्रह धरू नये. प्रत्येक जोडी आपल्या गतीने पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत जाते.

स्वीप हा गटातला सर्वांत अनुभवी आणि शांत माणूस असावा. बहुतेक ठिकाणी उत्साही तरुणाला पुढे आणि उरलेल्या कोणाला तरी मागे ठेवतात, ते उलट करायला हवे, कारण ज्याला मदत लागते तो मागेच असतो. प्राथमिक उपचारांची पेटी, एक जादा जर्किन, थर्मास आणि चमकदार आपत्कालीन चादर स्वीपकडे राहील. कोणी परत फिरायचे किंवा गाडीत बसायचे हा त्याचा शब्द अंतिम मानण्याचे आदल्या रात्री जेवताना सर्वांसमोर ठरवून घ्यावे. वरती, थंडीत आणि विरळ हवेत, त्यावर चर्चा करण्याच्या स्थितीत कोणी नसते.

चढाचा दिवस

कोठी ते मढी हा साधारण २२ किलोमीटरचा टप्पा वळणावळणांनी देवदारांतून वर जातो. पहिला थांबा गुलाबा या ठिकाणी, पाच-सात मिनिटांचा असावा. इथे तपासणी नाका आहे, तेव्हा प्रत्येकाने ओळखपत्र वरच्या खिशात ठेवावे. खाण्याचा नियम साधा आहे: भूक लागण्यापूर्वी, दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडे. राजगिऱ्याचा लाडू, खजूर आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की हे सामान थंडीत टिकते, मात्र चिक्की गारठ्यात दगडासारखी होते, म्हणून ती आधीच तुकडे करून घ्यावी. थंडीत तहान जाणवत नाही आणि विरळ कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जात राहते, तेव्हा पाण्याचे घोटही घड्याळ पाहून घ्यावेत. बाटली भरताना पाणी कोमट असल्यास ते प्यायले जाते.

मढी सुमारे ३,३०० मीटरवर आहे आणि हंगामात तिथे ढाबे असतात. हा दिवसातला एकमेव मोठा थांबा. सगळा गट इथेच, छपराखाली, एकत्र करावा. चहा, गरम वरण-भात किंवा राजमा-चावल घ्यावे आणि अर्ध्या तासात निघावे. आत बसताना अंगावरचे ओले जर्किन काढून फ्लीस घालणे विसरू नये. प्रत्येकाला डोके दुखते का, मळमळते का, चक्कर येते का, हे स्वीपने एकेकाला बाजूला घेऊन विचारावे, कारण सर्वांसमोर कोणी हो म्हणत नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा असाधारण थकवा असेल, तर त्या माणसाची खिंड त्या दिवसापुरती मढीलाच संपते आणि तो गाडीने खाली येतो. बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, सरळ रेषेत चालता न येणे किंवा बोलण्यात गोंधळ ही लक्षणे त्याहून गंभीर आहेत. तिथे विलंब न लावता कमी उंचीवर उतरवून डॉक्टर गाठावा लागतो.

मढीपासून माथा सुमारे १६ किलोमीटर आहे. राणी नाल्याच्या भागात बर्फाचे पाणी आणि चिखल आडवा येतो. पाण्याची खोली दिसत नसेल तर उतरून, सायकल हाताने ढकलत, पण बूट ओले न होता जाण्याची वाट शोधावी. ओले पाय घेऊन पुढचे तीस किलोमीटर उतरायचे आहेत याचे भान ठेवावे. साडेअकरापर्यंत राणी नाला मागे न पडलेली जोडी गाडीत बसेल, हा नियम आधी ठरलेला असावा आणि तो कोणासाठीही वाकवू नये.

माथ्याआधी कपडे, माथ्यावर दहा मिनिटे

माथा उघडा आणि वाऱ्याचा आहे. तिथे पोहोचून घामेजलेल्या अंगाने पिशवी उघडणे ही सर्वांत वाईट जागा आणि सर्वांत वाईट वेळ. माथ्यापूर्वी अर्धा-एक किलोमीटरवर, एखाद्या बर्फभिंतीच्या किंवा उभ्या गाडीच्या आडोशाला थांबून आतला ओला थर बदलावा, फ्लीस आणि जर्किन चढवावे, कोरडे हातमोजे घालावेत आणि मग उरलेले अंतर सावकाश चढावे. तेवढ्या चढात नव्या कपड्यांना पुन्हा घाम येत नाही, पण अंग तापते आणि ती ऊब घेऊनच उताराला लागता येते. माथ्यावर छायाचित्रांसाठी दहा मिनिटे पुरेत. पुढे पोहोचलेल्या जोडीने सगळ्यांची वाट पाहत तिथे उभे राहू नये. लीड आणि दोन जोड्या जमल्या की तो उपगट उताराला लागेल आणि उरलेले स्वीपबरोबर येतील.

लाहौलची उतरण

माथ्यापासून ग्रामफूच्या फाट्यापर्यंतचा साधारण १४ किलोमीटरचा उतार या दिवसाचा गाभा आहे. दोन सायकलींत निदान चाळीस मीटर अंतर ठेवावे, ओल्या पट्ट्यावर त्याहून जास्त. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावावा आणि वळणात सोडावा. सतत हलका दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि बोटेही थकवतो. हलताना, वाहताना दिसते ते पाणी आहे, काळपट गुळगुळीत आणि न हलणारे असेल तर तो बर्फाचा थर आहे असे धरून चालावे: तिथे पुढचा ब्रेक सोडावा, हँडल वळवू नये, शंका असल्यास आधीच उतरून चालावे.

दर दोन-तीन किलोमीटरला सुरक्षित रुंद जागी थांबून प्रत्येकाने प्रत्येक हाताचा अंगठा करंगळीला टेकवून दाखवावा. ज्याला हे जमत नाही त्याला ब्रेकही जमणार नाही, म्हणून त्याचे हात काखेत घालून ऊब येईपर्यंत सगळे थांबतील. हातांवर बर्फ चोळण्याचा किंवा जोरजोरात घासण्याचा जुना प्रघात घातक आहे. थोडे पॅडल फिरवत राहिल्यास पाय गारठत नाहीत, मग वेग ब्रेकने कमी ठेवावा लागला तरी चालेल.

शरीराचे तापमान उतरू लागलेला माणूस आधी कुडकुडतो, मग त्याच्या बोटांतून वस्तू निसटू लागतात, शब्द जड होतात आणि तो हट्टाने ‘मी ठीक आहे’ म्हणतो. कुडकुडणे थांबले आणि तरी तो सुस्तच असेल, तर ते सुधारणेचे नव्हे, बिघडल्याचे चिन्ह आहे. त्याला वाऱ्याच्या आड बसवावे, जमिनीवर पिशव्या किंवा चटई घालावी, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, चादरीत गुंडाळावे आणि पूर्ण शुद्धीत असल्यास थर्मासमधला गोड गरम चहा द्यावा. मद्य अजिबात देऊ नये. सायकलवर त्याला परत बसवू नये. येणारी कोणतीही गाडी थांबवून त्याला खाली, नदीकाठच्या खोकसरकडे पाठवावे आणि जोडीदाराने सोबत जावे.

ग्रामफूला उजवीकडे स्पितीचा रस्ता फुटतो. आपला रस्ता डावीकडे, चंद्रा नदीच्या काठाने खोकसरला जातो. खोकसरच्या ढाब्यावर मोजणी करावी आणि सगळे आल्याशिवाय सिस्सूकडे निघू नये, कारण मागे कोणी अडकले असेल तर मदत पाठवण्यासाठी हीच सोयीची जागा आहे. सिस्सूपर्यंतचा उरलेला रस्ता नदीकाठाने बहुतांश उताराचा असला तरी दुपारी दरीत समोरचा वारा मिळतो. इथे मात्र एकामागे एक, आडोसा घेत, आलटून पालटून पुढे येत जावे.

मुक्कामी पोहोचताच पाय कोरडे करावेत, ब्रेकच्या चकत्यांवरचा चिखल साध्या पाण्याने धुवावा आणि चेन पुसून तेल द्यावे, कारण सकाळी ती गंजलेली सापडते. रात्री झोपण्यापूर्वी स्वीपने मढीचेच प्रश्न पुन्हा विचारावेत. कोणाची डोकेदुखी विश्रांती, पाणी आणि जेवणानंतरही वाढत असेल, तर बोगद्याचे उत्तरेकडचे तोंड सिस्सूजवळच आहे. गाडी आणि चालक रात्रीही तयार ठेवून त्याला बोगद्यातून मनालीला उतरवावे.